आमचा मळा आणि आमचे परस : एक अलिखित इतिहास

समाजाच्या इतिहासाविषयी काही लिहावे अशी सूचना झाली म्हणजे आपल्याकडील लेखणी बहुधा एका ठराविक वाटेनेच चालू लागते. आपण मूळचे कोण, कोणत्या वंशातून निघालो, कोणत्या प्रांतातून आलो, कोणत्या राजाच्या पदरी आपले पूर्वज होते, याचा शोध सुरू होतो. आधार सापडला तर समाधान, न सापडला तर कल्पनेचे साहाय्य! अशा लेखांचा अधिक्षेप करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. स्वाभिमान जागा करण्याच्या काळात त्यांनीही आपले काम केले आहे. परंतु ज्या कामावरून आपणास 'माळी' हे नाव मिळाले, ज्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या आपली चूल पेटली आणि गावाच्या व शहराच्या ताटात भाजी पडली, त्या कामाचा इतिहास आपण क्वचितच लिहिला, ही गोष्ट मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

हा इतिहास लिहिला गेला नाही याचे कारण उघड आहे. ज्यांच्या हाती खुरपे होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना उकिरड्याचा वास सोसत नव्हता. तरीही तो अगदीच पुसला गेलेला नाही. तो आपल्या भाषेतील शब्दांत आहे, व्रतवैकल्यांच्या दिवसांत आहे, आणि वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांत आहे. आज शहरांतून 'सेंद्रिय भाजीपाला' हा शब्द मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. आपल्या घरांतील तरुण मंडळीही तो एखाद्या परदेशी विद्येप्रमाणे ऐकतात. ती विद्या परकी नाही. ती आपल्याच परसातून, आपल्या डोळ्यांदेखत निघून चालली आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शब्दांतील इतिहास

'माळी' हा शब्द माला गुंफणाऱ्या मालाकाराशी नाते सांगतो, हे सर्वांस ठाऊक आहे. फुलाच्या माळेपासून भाजीच्या वाफ्यापर्यंतचा प्रवास आपल्या पोटभेदांच्या नावांत दिसतो. फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी ही नावे राजघराण्यांवरून पडलेली नाहीत. ती पिकांवरून पडलेली आहेत. एकाने फुले लावली, दुसऱ्याने जिरे, तिसऱ्याने हळद. एवढ्या भेदावरून रोटीबेटीच्या भिंती उभ्या राहिल्या, हे केवढे आश्चर्य! ज्यांच्या वाफ्यांत मिरचीशेजारी मुळा आणि मुळ्याशेजारी कोथिंबीर सुखाने नांदत होती, त्यांच्या घरांत मात्र हे होऊ शकले नाही.

मराठेशाहीच्या महसुली दप्तरात जमिनीचे जिरायत आणि बागायत असे दोन मुख्य भेद आढळतात, व बागायतीचे पुन्हा मोटस्थळ आणि पाटस्थळ असे दोन भेद. विहिरीवर मोट चालवून भिजवलेली जमीन ती मोटस्थळ. ओढ्याला अथवा नदीला बांध घालून पाटाने भिजवलेली ती पाटस्थळ. सरकारी कारकुनाला साऱ्यापुरता रस असल्यामुळे त्याने एवढेच लिहून ठेवले. मोटेमागे जो संसार होता तो त्याच्या वहीत आला नाही.

त्या संसाराचे पहिले वाङ्मयीन दर्शन आपणास संतशिरोमणी सावता महाराजांच्या अभंगांत घडते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असलेल्या अरण येथे शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. पंढरी इतकी जवळ असून ते आपला मळा सोडून तिकडे गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. मळ्यातील पिकांत आणि पाणी उपसण्याच्या साधनांत त्यांनी देव पाहिला. भक्तीच्या दृष्टीने या अभंगांचे महत्त्व सांगण्याचा अधिकार वारकऱ्यांचा. इतिहासाच्या दृष्टीने एवढे म्हणता येईल की, कष्टाच्या कामाला इतकी प्रतिष्ठा देणारे शब्द मराठीत त्यापूर्वी फारसे आढळत नाहीत.

येथे एका गमतीच्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. महाराजांच्या नावावर गायल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध अभंगात मिरचीचा उल्लेख येतो. मिरची तर मूळची अमेरिकेची; पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. मग तेराव्या शतकाच्या मळ्यात ती कशी? एखाद्या जुन्या शब्दाच्या जागी ती पुढे येऊन बसली असावी, असे मानणे सयुक्तिक दिसते. यात अभंगाचे काही उणे होत नाही. तो पोथीत निजून न राहता मळ्यात काम करणाऱ्यांच्या ओठी जिवंत राहिला, आणि मळ्यात जे नवे पीक आले ते अभंगातही आले, एवढेच यावरून दिसते.

मळ्याची रचना

जुन्या मळ्याचे वर्णन आज तरुणांस कादंबरीसारखे वाटेल. विहिरीच्या काठी उतरती धाव. त्या धावेवरून बैल खाली गेले की नाडा ताणून भरलेली चामड्याची मोट वर येई आणि तिची सोंड थारोळ्यात रिकामी होई. थारोळ्यातून पाट, पाटातून दांड, दांडातून वाफा. मोटेवरचा माणूस गाणी म्हणत बैल हाकी, आणि दुसरा कोणी, बहुधा घरातील स्त्री अथवा मूल, वाफ्यावर दारे धरी; एक वाफा भिजला की खुरप्याने माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात सोडी. बैल आणि माणसे दिवसभर राबली तरी भिजणारी जमीन थोडीच असे. म्हणूनच आपला मळा लहान राहिला, आणि लहान राहिल्यामुळेच त्यातील प्रत्येक हाताला आपल्या मातीची ओळख राहिली.

उष्ण प्रदेशात मातीची एक अडचण असते, ती थंड देशांतील शेतकऱ्यास तितकी भेडसावत नाही. आपल्या उन्हात आणि ओलाव्यात मातीतील कुजका अंश फार लवकर झिजतो. यंदा घातलेल्या खताचा बराच अंश पुढील वर्षापर्यंत संपतो. शिवाय चांगल्या कुजलेल्या शेणखतातही नत्राचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास, म्हणजे अल्पच असते. तेव्हा वर्षातून तीन हंगाम भाजी काढावयाची तर मातीचे देणे दरसाल फेडलेच पाहिजे. आमच्या पूर्वजांनी रसायनशास्त्र शिकले नव्हते, परंतु हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता.

त्या हिशेबासाठी आपल्या भाषेत 'बेवड' हा एक मोलाचा शब्द आहे. आधीचे पीक आपल्या मागे जमिनीत जे बरेवाईट ठेवून जाते ते बेवड. भुईमूग, घेवडा, चवळी अशा शेंगवर्गाचे बेवड चांगले. वांग्यावर वांगे किंवा मिरचीवर वांगे घेणे वाईट. शेंगवर्गाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधून ठेवतात आणि वांगे, मिरची, टोमॅटो ही एकाच कुळातील पिके एकमेकांचे रोग पुढे चालवतात, हे शास्त्राने स्पष्ट केले. परंतु पाळी बदलावी हा नियम शास्त्राच्या आधीपासून आमच्या बांधावर होता. ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडणे, तळ्याचा गाळ आणून पसरणे, उन्हाळ्यात धनगराची मेंढरे रानात बसवणे, चुलीतील राख माव्यावर उधळणे आणि हीच राख बियाण्यांत मिसळून ठेवणे, हे सर्व त्या हिशेबाचेच भाग होते.

आणि उकिरडा! घराचा सारा केरकचरा, गोठ्यातील शेण, गव्हाणीतील उष्टा कडबा आणि जनावरांच्या मुतराने भिजलेली माती या खड्ड्यात जाई. दिवाळीत तुळशीपुढे, विहिरीवर, गोठ्यात पणत्या लावून झाल्या की एक पणती उकिरड्यावरही ठेवण्याची चाल अनेक गावांत होती. आज तिची थट्टा होते. परंतु ज्या घराला लक्ष्मी कोठून येते हे नीट कळले होते, त्याच घरात ही चाल पडू शकते.

मात्र सत्य सांगावयाचे तर सर्व सांगितले पाहिजे. खताचा सारा पुरवठा आपल्याच गोठ्यातून होत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यासारख्या शहरातील मैल्याचे खत करून ते सभोवतालच्या बागायतीस मिळू लागले. आरंभी त्याचा विटाळ वाटला. पिके पाहिल्यावर विटाळ सरला आणि त्याला 'सोनखत' हे नाव मिळाले. पण ज्या माणसांनी तो मैला डोक्यावरून वाहिला त्यांचा विटाळ काही सरला नाही. खत सोने झाले, माणूस अस्पृश्यच राहिला! हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे होण्यास १९९३ आणि २०१३ ही साले उजाडावी लागली. जुन्या मळ्याचा अभिमान बाळगताना हे ऋण आणि हा अन्याय विसरणे, हे महात्मा जोतीरावांचे नाव घेणाऱ्या समाजास शोभणार नाही.

परसातील पंचांग

मळा पुरुषाचा म्हणून ओळखला गेला. परस मात्र स्त्रीचे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुडाच्या कडेने पावटा, छपरावर दुध्या आणि दोडका, कोपऱ्यात शेवगा आणि कढीलिंब. या चार हात जागेवर घरचे कालवण निघे. या लागवडीचा लेखी आधार आपल्या सणवारांत आहे, असे म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. पण पाहा.

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. त्या दिवशी अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, भोपळा, मक्याचे कणीस असे हाताने लावलेले तेवढेच एकत्र शिजवून खातात. यावरून असे अनुमान काढण्यास हरकत नाही की, नांगराच्या शेतीहून निराळी, कुदळखुरप्याची एक शेती घराच्या मागे फार पूर्वीपासून चालत आली आणि ती स्त्रियांच्या ताब्यात होती. आणखी असे की, मका आणि लाल भोपळा हेही अमेरिकेतून आलेले पाहुणे. त्यांनाही आमच्या आजीबाईंनी ऋषींच्या पानात जागा दिली. सनातनपणाचा गर्व करणाऱ्यांनी या भाजीपासून थोडे शिकावे.

याच रीतीने सारे वर्ष लावता येते. अक्षय्य तृतीयेस आळी करून वेलभाज्यांचे बी टोचावे, अशी चाल आहे. कारण तापलेल्या मातीत खत मिसळून आळी तयार असली म्हणजे पहिल्या पावसाबरोबर वेल उठतो. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो. मग भेंडी, गवार, कारली, दोडका, काकडी, चवळी यांची पाळी. पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाफा उंच करावा. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी करून अनेक घरी चातुर्मासापुरते कांदा आणि वांगे सोडतात. धर्मशास्त्राचा हेतू काहीही असो. उन्हाळी साठवणीचा कांदा दमट हवेत कोंबावर येण्याचा आणि नासण्याचा हाच काळ. पुढे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा येतो. तोवर पावसाळी लागवडीचे वांगे भरास आलेले असते.

सप्टेंबरअखेरीस हस्त नक्षत्र लागते. हस्ताची सर पडून गेली की हिवाळी भाजीची घाई. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी यांना आता सपाट वाफा चालतो. मेथी आणि कोथिंबीर एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी म्हणजे घरात सतत कोवळी पाने येत राहतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगे, पावटा, बोरे, तीळ. ही भाजी म्हणजे पौषातील परसाची जणू मोजदाद! उन्हाळ्यात वाफा खोल करावा, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पाणी संध्याकाळी द्यावे. गवार, काकडी, राजगिरा, घोळ ही उन्हाला न डरणारी मंडळी. असे हे वर्ष. आपल्या आयाबायांना महिन्यांची इंग्रजी नावे ठाऊक नसतील, पण कोणत्या सणाला कोणते बी काढावयाचे हे कधी चुकत नसे.

बी राखणे हेही त्यांचेच काम. झाडावरचे उत्तम फळ तोडू न देता बियाण्यासाठी सोडावयाचे, पिकून पिवळे पडले की बी धुऊन सावलीत वाळवावयाचे, राखेत घालून उतरंडीत ठेवावयाचे, काकडीभोपळ्याचे बी शेणात थापून भिंतीस चिकटवावयाचे. ज्या घरी लेक दिली त्या घरी चिमूटभर बीही जाई. आपल्या समाजाच्या सोयरिकींचा नकाशा काढला तर तो वांग्यामिरच्यांच्या जातींचा नकाशाही ठरेल, असे मला नेहमी वाटते.

जोतीरावांची दृष्टी

हे सर्व हातांतील ज्ञान ज्या पुरुषाने प्रथम विचाराच्या पातळीवर आणले, ते महात्मा जोतीराव फुले. फुलांच्या व्यवसायावरून ज्या घराण्यास आडनाव मिळाले त्यात १८२७ साली त्यांचा जन्म झाला. मांजरी येथे त्यांची बागायती शेती होती. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेला 'शेतकऱ्याचा असूड' आपण सावकारशाही आणि भटशाहीविरुद्धचा ग्रंथ म्हणून वाचतो, व ते योग्यच आहे. पण त्यात मातीचाही विचार आहे, तो आपल्या नजरेतून सुटतो.

डोंगरावरील पालापाचोळा, जनावरांची लेंडी-शेण, कुजलेले सर्व काही पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत उतरून त्यांस आपोआप खत मिळत असे, हे त्यांनी सांगितले. जंगलखात्याने गायराने व डोंगर बंद केल्यामुळे गुरांचा चारा गेला आणि गुरांबरोबर खतही गेले, हे कारण त्यांनी दाखवले. धुपणारी माती अडविण्यासाठी सरकारने पलटणी व पोलिसांतील मोकळ्या हातांकडून ताली-बांध घालून घ्यावेत, तळी-तलावांतील गाळ शेतकऱ्यांस काढून न्यावयास द्यावा, असे उपाय त्यांनी सुचवले. मातीची धूप, पाणलोट, सेंद्रिय खत हे आजचे शब्द बाजूस ठेवा. विचार तोच आहे. दारिद्र्याचे मूळ जसे समाजरचनेत आहे तसे ते झिजलेल्या मातीतही आहे, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, हे ज्यांनी पाहिले त्यांचे आपण नुसते पुतळे उभारून कसे चालेल?

कालवा, मंडई आणि कारखाना

जोतीरावांच्या हयातीतच मळ्याचा नूर पालटू लागला होता. १८६९ ते १८७९ या काळात खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि मुठेचा कालवा हडपसर-मांजरीकडे वाहू लागला. पुढे नीरेचे कालवे झाले. पुण्यात शनिवारवाड्यापुढील उघड्या बाजाराच्या जागी १८८६ मध्ये मंडईची इमारत उभी राहिली. मुंबईस क्रॉफर्ड मार्केट त्यापूर्वीच, १८६९ मध्ये झाले होते. या दोन्ही मंडयांना पुढे महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले. आपल्या लोकांनी पहाटेच्या अंधारात ज्या इमारतींत पाट्या उतरवल्या, त्यांवर आपल्याच माणसाचे नाव कोरले गेले, हा योग खरोखर समाधानाचा आहे.

कालव्याच्या पाण्याने ऊस आणला. सासवडची माळी मंडळी बागायतीच्या शोधात नीरेच्या खोऱ्यात उतरली आणि १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगर येथे त्यांनी आपला साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी स्वतः भांडवल जमवून कारखाना काढण्याचे हे धाडस महाराष्ट्रात फार आधीचे होय, आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. त्या उसाने मुलांस शिक्षण दिले, घरांस पक्क्या भिंती दिल्या. परंतु इतिहासकाराने जमेबरोबर खर्चही मांडावा. ज्या रानात वीस प्रकारच्या भाज्या होत्या तेथे एकच पीक आले. वीस भाज्यांचे ज्ञान ज्या स्त्रियांपाशी होते, त्यांचे काम उसाच्या लागणी-खुरपणीपुरते उरले. पैसा घरात आला तो पुरुषाच्या हाती आला. परसाची सत्ता संपली.

इंदूरचा धडा

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडत होती. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे आले होते. येथील शेतकऱ्यांस शिकवावे म्हणून आलेल्या या गृहस्थाने पुढे मोकळेपणाने सांगितले की, शेतकरी आणि पिकांवरील किडी हेच आपले खरे गुरू ठरले. १९२४ ते १९३१ या काळात, होळकरांच्या इंदुरात, त्यांनी शेण, मुतराने भिजलेली माती, राख आणि शेतातील काडीकचरा यांचे थर रचून, ओलावा राखून, ठरावीक दिवसांनी ते उलथून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली. १९३१ च्या ज्या ग्रंथात ती प्रसिद्ध झाली, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचेही नाव आहे. पाश्चात्त्य देशांतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्ड यांना आपले आद्य पुरुष मानले.

याचा अर्थ काय? उकिरडा येथून विलायतेस गेला, तेथे त्याला प्रतिष्ठा मिळाली, आणि आता तो चकचकीत पिशवीत भरून, किलोच्या भावाने आपल्याच नातवंडांच्या गच्चीवर परत आला आहे. हॉवर्ड यांनी अव्यवस्थित उकिरड्यास शिस्त लावली, हे त्यांचे श्रेय निःसंशय मोठे आहे. आपण मात्र स्वतःच्या वस्तूची किंमत दुसऱ्याने सांगेपर्यंत ओळखली नाही, हा दोष आपला.

बियाण्याची कथा

स्वातंत्र्यानंतर देशापुढे पहिला प्रश्न पोटाचा होता. १९५१ मध्ये सिंदरीच्या कारखान्यातून रासायनिक खत निघू लागले. मोटेची जागा इंजिनाने आणि पुढे विजेच्या पंपाने घेतली. बैलांचे आणि माणसांचे हाल थांबले. १९६४ मध्ये जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी काढली व १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९७२ च्या दुष्काळातून गेलेला कोणीही या प्रगतीस नावे ठेवणार नाही. अधिक उत्पन्नाची गरज खरी होती.

परंतु संकरित बी दरसाल विकतच घ्यावे लागते. त्याच्या फळांतून राखलेले बी तसेच निपजत नाही. त्यामुळे उतरंडीतील राखेचे गाडगे रिकामे झाले. बैल गेले तसे शेण गेले, शेण गेले तशी खताची गोणी आली, गोणीमागून औषधाची बाटली आली. ज्या औषधांवर आपण डोळे मिटून विश्वास टाकला त्यांतील डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये आणि एन्डोसल्फान २०११ मध्ये बंद करावे लागले. आणि शहरांलगतचे मळे? तेथे आता इमारती उभ्या आहेत. पुष्कळ इमारतींच्या नावांत 'मळा' हा शब्द तेवढा शिल्लक आहे.

आमच्या घरी पांढऱ्या रेघांचे एक काटेरी वांगे होते. आजी दरसाल त्याचे बी राखी. ती गेल्यावर दोन वर्षांनी कोणास तरी त्याची आठवण झाली, तेव्हा गाडग्यात राख होती, बी होते, पण ते उगवले नाही. वांग्याचे बी किती वर्षे टिकते हे आम्हा शिकलेल्यांपैकी कोणास ठाऊक नव्हते, आणि विचारावे असे कोणी उरले नव्हते. समाजाचा इतिहास हरवतो तो असा. एखादी पोथी जळून नव्हे, तर एक गाडगे वेळेवर न उघडल्यामुळे.

आता काय करावे?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे दहा गुंठ्यांच्या शेतीचा विचार महाराष्ट्रभर पोहोचविला व लहान शेतकऱ्यास स्वतःच संशोधक होण्याचा धीर दिला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शेकडो गावरान वाणांचे बी जपले. शाळेत न गेलेल्या या आदिवासी स्त्रीस २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ज्ञान कोठे असते याविषयी पुष्कळांचे डोळे उघडले. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, वापरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. हक्क आहे, बी राखणारा हात हवा.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ज्यांच्यापाशी एवढी जागा आहे त्यांनी तीत वर सांगितलेले वर्ष एकदा फिरवून पाहावे. शेंगवर्ग, फळभाजी, पालेभाजी आणि कंदमुळे असे चार भाग करावेत, दर हंगामास पाळी बदलावी, म्हणजे बेवड आपोआप साधते. ज्यांच्यापाशी चार कुंड्याच आहेत त्यांनी चार कुंड्यांत एक वाण राखावे. आणि ज्यांच्यापाशी काहीच नाही त्यांनी घरातील वृद्ध मावशी-आत्यांजवळ वही घेऊन बसावे. कोणते बी, कोणत्या नक्षत्रावर, किती अंतरावर, किडीवर काय केले, बी कसे राखले, एवढेच लिहून घ्यावे. ही वही म्हणजेच आपल्या समाजाचा खरा इतिहासग्रंथ होय.

आपल्या मंडळास एक नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. वार्षिक मेळाव्यास येताना प्रत्येक घराने मूठभर गावरान बी आणि त्याची हकीकत लिहिलेला एक कागद आणावा. जाताना दुसऱ्या घरचे बी घेऊन जावे. फुलमाळ्याचे बी हळदेमाळ्याने न्यावे, हळदेमाळ्याचे जिरेमाळ्याने. आणि समाजाबाहेरचा कोणी मागावयास आला तर त्यासही आनंदाने द्यावे, कारण मातीला जात नसते. त्या कागदांचे संकलन पुढील स्मरणिकेत छापले गेले, तर आपला वंश कोणता हे विचारणाऱ्यास ते नुसते उघडून दाखविता येईल.